नदीला ऑक्सिजनचे दाणे नकोत, आधी पाइप बंद करा

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, विसरला नसाल. असं काही घडलं की हुशार लोक उपाय सुचवतात: ऑक्सिजन सोडणारे पॉलिमरचे दाणे पाण्यात टाका, नदी जिवंत होईल. आपल्या खंडाळा तालुक्याच्या उत्तरेला नीरा वाहते, शिरवळ-लोणंदला कारखाने आहेत. त्यामुळे हा विषय आपलाही आहे.

दाणे खोटे नाहीत. पॉलिमरमध्ये कॅल्शियम पेरॉक्साइड कोंडलेलं असतं. पाणी हळूहळू आत शिरतं, ऑक्सिजन हळूहळू बाहेर येतो. शेततळ्यातले मासे पहाटे वर तोंड काढायला लागले, तर वेळ निभावून नेता येईल. पण वाहत्या नदीचं काय?

हिशेब करू. एक किलो शुद्ध कॅल्शियम पेरॉक्साइडमधून जास्तीत जास्त २२० ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. डिस्टिलरीचं एक लिटर कच्चं स्पेंटवॉश कुजताना सहज ४० ग्रॅम ऑक्सिजन खातं. चांगल्या नदीच्या लिटरभर पाण्यात तो असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश पाच हजार लिटर पाण्याचा श्वास संपवू शकतं. रात्री गुपचूप ओतलेला दहा हजार लिटरचा एकच टँकर पाच कोटी लिटर पाण्याचा! ते भरून काढायला १,८०० किलो शुद्ध पेरॉक्साइड लागेल, पॉलिमरचं वजन वेगळं. वर पाण्यात चुना उरणार तो उरणारच.

आणि पैसे कोणाचे? आपल्या कराचे. टँकर कोणाचा? ते मात्र विचारायचं नाही!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्येच साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांना सांडपाण्यावर ऑनलाइन मीटर बसवायला सांगितलं. मग ते आकडे रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर का दिसत नाहीत? शेजारी नदीतल्या ऑक्सिजनचा आकडाही लावा. मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम हवा, हे मंडळाचंच प्रमाण आहे. आकडा घसरला की त्याच रात्री नमुना घ्या. मासे तरंगल्यावर तिसऱ्या दिवशी बाटल्या घेऊन येऊन काय उपयोग? तोवर घाण पुढच्या गावाला पोचलेली असते.

दाणे विकणाऱ्याला दोष नाही. दोष आहे तो पाइप उघडा ठेवून औषध शोधणाऱ्यांचा. पुढच्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव मांडा: आकडे फलकावर लावा. पटलं तर नदीकाठच्या प्रत्येक गावापर्यंत पोचवा.