फळ्यावरची माती, पायाखालची माती



आमची पोरे शाळेत ‘मातीचे थर’ पाठ करतात. फळ्यावर चित्र, वहीत चित्र, परीक्षेत चार गुण. शाळेच्या मागे कोणाच्या तरी विहिरीचे खोदकाम चालू असते. वर काळी, खाली चुनखडीची, मग मुरूम, मग खडक. सगळे थर उघडे पडलेले. तिथे वर्ग जात नाही. पोराने पायाची माती धुवून आत बसायचे आणि चित्रातली माती शिकायची, असा हा कारभार आहे.

ही मागणी आजची नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांत शेतीचे ज्ञान द्या, असे मांडले होते. शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांतून मुले हाताने प्रयोग करून, शिवारात जाऊन विज्ञान शिकू लागली. काम जिल्हाभर पसरले. २००२ साली तिथल्या सरकारने ते बंद केले. तीस वर्षांचे काम एका हुकमाने थांबले!

प्रयोगशाळेला पैसे नाहीत, असे साहेब सांगतील. आम्ही म्हणतो, काचेच्या दोन बाटल्या आणा. एकीत बरडाची माती, दुसरीत काळीची. पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच बसते, पोयटा काही तासांत. चिकण मातीने पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. भारी रानातली रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर कशी येते आणि बरडावरची कपाशी पावसाच्या खंडात मान का टाकते, हे मग पोराला पाठ करावे लागत नाही. बांधावरच्या गवताखालचे आणि नांगरटीतले अशी दोन वाळली ढेकळे पाण्यात सोडा. बांधाचे बहुधा टिकते, रानातले विरते. सेंद्रिय कर्बाचे काम डोळ्यांसमोर दिसते.

आमच्यातलेच काही विचारतील, “पोरगं मातीतून सुटावं म्हणून तर शाळेत घातलं ना?” बरोबर आहे. पोराने शेतीच करावी, असे आम्ही म्हणत नाही. शिकवण्याच्या नावाखाली पोराकडून निंदण करून घ्याल, तर त्यालाही आमचा विरोध आहे. माती सुधारली की शेतकरी सुधारेल, ही थापही आम्हाला मान्य नाही. भावाची लढाई आहे तिथेच आहे. पण २०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली, आणि आमच्या घरातल्या पत्रिका खणात पडून आहेत. नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे आम्हाला वाचता येत नाहीत. म्हणून कृषी केंद्रवाला सांगेल ती गोणी आम्ही उधारीवर उचलतो. हे अज्ञान आम्हाला दर हंगामात पैशात मोजावे लागते.

म्हणून जिल्हा मेळाव्यात ठराव मांडू :

१. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत आठवड्याला एक तास शिवारात व्हावा.
२. त्या तासाला गावातल्या जाणत्या शेतकऱ्याला आणि शेतकरीण बाईला मानाने बोलवावे.
३. गावातल्या मृद पत्रिका वर्गात वाचून पोरांनी घरी समजावून सांगाव्यात.
४. पोरांकडून शेतकाम करून घेऊ नये.

सरकारच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. येत्या सोमवारी दोन बाटल्या घेऊन गुरुजींना भेटा. जमीन आमची, पोर आमचे. मग त्या जमिनीचे ज्ञान परके का?