ज्वारी-डाळ घेऊन मजुरांच्या वस्तीत चला



कृषी महाविद्यालयात मला चार वर्षे पिकवायला शिकवले. विकायचे कसे, ते कोणी शिकवले नाही. तो धडा चळवळीत आल्यावर बाजार समितीच्या ओट्यावर मिळाला.

तूर आपण हर्रासात पुकारलेल्या भावाने टाकून येतो. चार महिन्यांनी तिचीच डाळ किराणा दुकानातून किलो-अर्धा किलो आणतो. शहरातल्या मजूर वस्तीतली बाई तर रोजच्या मजुरीतून पावशेरच घेते, आणि पावशेराने घेणाऱ्याला माल नेहमी महागच पडतो. त्या वस्तीत राहतो कोण? कोरडवाहू शेती परवडेना म्हणून गाव सोडून गेलेला आपलाच भाऊ. पिकवणारा नागवला जातो आणि खाणाराही.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. पण ते मुख्यतः गहू-तांदूळ. त्याने पोट भरते, अंगात रक्त भरत नाही. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह 1 मिलिग्रॅमही नसते. ज्वारीत 4 च्या आसपास असते. डाळ-भाजीशिवाय बाळंतीण आणि लेकरू सुधारत नाही.

थेट बाजार ही नवी गोष्ट नाही. पंजाबात 1987 साली 'अपनी मंडी' सुरू झाली, आंध्रात 1999 च्या जानेवारीत 'रयतू बाजार', त्याच वर्षी तामिळनाडूत 'उळवर संदै'. आंध्रात भाव घाऊकपेक्षा चढा आणि किरकोळीपेक्षा उतरता ठेवला. दोघांचाही फायदा झाला. पण शेतकऱ्याच्या नावाने व्यापारी आत घुसले. तामिळनाडूत 2001 साली सरकार बदलले आणि बाजारांकडे दुर्लक्ष झाले. धडा सरळ आहे. ओळख आपणच पटवायची, आणि बाजार सरकारच्या मर्जीवर टांगायचा नाही.

महाराष्ट्रात 2016 साली फळे-भाजीपाला नियमनातून मुक्त झाला, आठवडी शेतकरी बाजार सुरू झाले. आपला ओढा मात्र मोठ्या सोसायट्यांच्या फाटकाकडेच असतो. तिथे ग्राहक घासाघीस कमी करतो, हे खरे. पण भाकरी खाणारा ग्राहक मजुरांच्या वस्तीत आहे. ज्वारी, तूर, मूग, उडीद, जवस, अंबाडी हे त्याच्या ओळखीचे अन्न आहे.

काही जण म्हणतील, "गरिबाला विकून आपले काय सुटणार?" हा दानधर्म नव्हे. अडत, तोलाई, दोन वाहतुका आणि दुकानदाराचा नफा यांतले जे वाचेल, ते दोघांनी वाटून घ्यायचे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल गटाने घेतली, तर चुनी-भुसाही आपल्याच गोठ्यात राहतो. कापसाचा प्रश्न याने सुटणार नाही. ती लढाई वेगळी आहे आणि लढावीच लागेल. पण घरात आठवड्याला रोख पैसा आला, तर कापूस पडत्या भावात विकण्याची घाई तरी टळेल.

जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने एक वस्ती ठरवावी. बाजार मजुरीच्या दिवशी, संध्याकाळी. काटा तपासलेला, भाव पाटीवर लिहिलेला, पावशेरालाही किलोचाच दर. विकणारा गावाने ओळखलेला शेतकरी, आणि गल्ल्यावर घरची लक्ष्मी. पहिले दोन महिने गिऱ्हाईक कमी येईल. तरी बाजार चुकवायचा नाही.

सांगा, तुमच्या तालुक्याची वस्ती कोणती?