पीसी दमलाय? आधी सेटिंग्ज बघा!

‘नवं ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?’ मित्रमंडळींत मला हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की दुकान टाकलं असतं तर एव्हाना चार शाखा निघाल्या असत्या! विचारणारा बहुतेक आयटीवाला, नाहीतर बँकवाला. दिवसभर एक्सेल आणि मीटिंगा, रात्री दहानंतर एखादा तास गेम. तेवढा तासच काय तो स्वतःचा, आणि नेमका त्यातच गेम अडखळतो. मग वैताग, मग ऑनलाइन दुकानांतून चक्कर, मग ईएमआयचं गणित. माझं उत्तर ठरलेलं: कार्ड जरूर घे, पण आधी अर्धा तास काढ आणि विंडोजच्या सेटिंग्ज उघड. पुष्कळदा मशीन दमदारच असतं, त्याला ‘जोरात पळ’ असं कुणी सांगितलेलंच नसतं!

आधी एक फंडा क्लिअर करू. गेम स्मूथ वाटतो तो सेकंदाला किती फ्रेम्स दिसतात एवढ्यावरच नाही, त्या सारख्या अंतराने येतात का, यावरही. सेकंदाला ६० फ्रेम्स म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. मधलीच एखादी ५० मिलिसेकंदांनी आली तर सरासरी जेमतेम हलते, पण डोळ्यांना झटका जाणवतोच. तासाला पंधरा लोकल म्हणून काय झालं? दहा मिनिटं एकही नाही आणि मग तीन पाठोपाठ, असं झालं तर फलाटावरून शिव्याच ऐकू येणार!

तर चला कामाला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून खालचे पत्ते विंडोज ११ चे.

१४४ चा मॉनिटर, ६० ची चाल

हौसेने १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणलाय? सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा आणि रिफ्रेश रेट बघा. तिथे ६० दिसला तर चकित होऊ नका. पैसे १४४ चे मोजले तरी विंडोज गपचूप ६० वर चालू असू शकतं. आकडा बदला, दोन क्लिकचं काम. आणि डेस्कटॉप असेल तर मागे वाकून बघा: मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये आहे की ग्राफिक्स कार्डच्या? मदरबोर्डमध्ये असेल तर महागडं कार्ड बहुधा नुसतंच बसून आहे.

जोर कुठून लावायचा?

लॅपटॉपवाल्यांनो, गेम खेळताना चार्जर लावाच. बॅटरीवर मशीन स्वतःच हात आखडतं घेतं. मग सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी इथे पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ वर ठेवा. खेळून झालं की पुन्हा ‘बॅलन्स्ड’. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील (एक साधी, एक तगडी), तर डिस्प्लेमधल्या ‘ग्राफिक्स’ पानावर जाऊन आपल्या गेमपुढे ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. नाहीतर वाघ घरात आणि राखणीला मांजर!

आणि प्लीज, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. हवेची भोकं बुजतात, चिप तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पहिली दहा मिनिटं मस्त आणि नंतर रडगाणं, असं होत असेल तर पहिला संशय गरमीवर घ्या. गेममध्ये फ्रेम लिमिट असेल तर तीही लावून बघा. ९० आणि ५० च्या मध्ये झोके घेण्यापेक्षा स्थिर ६० जास्त सुखाचे.

बिनबुलाए पाहुणे

‘गेम मोड’ २०१७ पासून विंडोजमध्येच आहे. तो चालू असला की गेम चालू असताना अपडेट ड्रायव्हर टाकत बसत नाही आणि रीस्टार्टची टुमणीही लावत नाही. गेमिंगमध्येच ‘कॅप्चर्स’ उघडा. मागच्या मागे गेमचं रेकॉर्डिंग चालू असेल आणि तुम्हाला ते नको असेल, तर बंद करा. मग ॲप्समध्ये ‘स्टार्टअप’. ऑफिसचं चॅट, म्युझिक प्लेअर, दोन-तीन लाँचर अशी सगळी वरात पीसी उघडताच हजर होत असते. लागेल तेवढंच ठेवा.

इथे मात्र हात आवरा

आता गंभीर मुद्दा. ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करा, फ्रेम्स वाढतील, असा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो खोटा नाही. काही मशीनवर फरक पडतो, आणि हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केलंय. पण हे सेटिंग म्हणजे घुसखोर कोडला विंडोजच्या गाभ्यात शिरू न देणारा रखवालदार. ज्या पीसीवर तुमचं नेटबँकिंग, रिटर्न आणि पॅन कार्डाची कॉपी आहे, तिथे चार फ्रेम्ससाठी मी तरी त्याला सुट्टी देणार नाही. व्हॅलोरंटसारखा गेम तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय चालतही नाही.

तीच गोष्ट ‘एका क्लिकमध्ये स्पीड दुप्पट’ म्हणणाऱ्या फुकट बूस्टरची. वर सांगितलेली कामं विंडोज स्वतः करतं, मग तिऱ्हाइताला घराची किल्ली कशाला? आणि कंपनीचा लॅपटॉप असेल तर हा लेख इथेच मिटा. ती मशीन आपली नव्हे, आयटी डिपार्टमेंटची!

शेवटचा नियम: एका वेळी एकच सेटिंग बदला आणि गेममधल्या त्याच जागी जाऊन फरक बघा. पाच गोष्टी एकदम फिरवल्या तर औषध कुठलं लागू पडलं ते कळणार कसं? एवढं करूनही अडखळलं तर गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. जीपीयू सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर आधी गेममधल्या सावल्या आणि रिझोल्यूशन थोडं उतरवा, तरीही भागलं नाही तर खुशाल कार्ड घ्या. मेमरी काठोकाठ भरली असेल तर मात्र कार्ड बदलून फायदा नाही, रॅम हवी. ईएमआय सुरू करायचाच असेल, तर निदान योग्य वस्तूचा करा!