‘अंशकालीन’ नेमके काय?

सरकारी कागदावर ती ‘अंशकालीन स्त्री परिचर’ आहे. आरोग्य उपकेंद्राची झाडलोट, पाणी भरणे, लसीकरणाच्या दिवशी वाडीवस्तीवरून बायकांना बोलावून आणणे, आडवेळी बाळंतीण आली तर नर्सबाईंच्या हाताखाली उभे राहणे, ही तिची कामे. यातले अर्ध्या वेळात उरकणारे कोणते, हे शासनाने एकदा सांगावे. अंशकालीन आहे ते फक्त मानधन. कित्येक वर्षे ते महिना १२०० रुपये होते!

आशाताईंची गोष्ट वेगळी नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, तेव्हापासून त्या ‘स्वयंसेविका’. स्वयंसेविकेला पगार द्यावा लागत नाही, ही त्यातली सोय. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या त्याच आशांना मानधनासाठी संप करावा लागला, आझाद मैदानावर बसावे लागले.

यांच्यातली एखादी म्हणते, ‘मला शिकून नर्स व्हायचंय.’ लगेच उपदेश सुरू होतो: इच्छा असली की मार्ग सापडतो. मैत्रिणींनो, तो मार्ग जरा पाहू या. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी शास्त्र शाखेतून हवी, शिवाय प्रवेश परीक्षा. जवळच्या कॉलेजात शास्त्र शाखाच नव्हती म्हणून जिने कला शाखा घेतली, तिला ते दार बंद. उरले जी.एन.एम. तिथे वयाची अट ३५ वर्षे. लग्न, बाळंतपणे, सासू-सासऱ्यांची आजारपणे यांतून मान वर काढेपर्यंत पस्तिशी उंबरठ्यावर येते. अभ्यास करायचा तो रात्री दहानंतर, भांडी घासून झाल्यावर. त्यातूनही प्रवेश मिळालाच, तर शिक्षण तीन वर्षांचे आणि पूर्णवेळ. वर्गात ८० टक्के हजेरी, प्रात्यक्षिकांची तर १०० टक्के. म्हणजे हातचे काम सोडायचे. मग फी कुठून भरायची? घरी चूल कशावर पेटवायची?

कोणी म्हणेल, रुग्णाच्या जिवाशी गाठ आहे, प्रशिक्षणात ढिलाई कशी चालेल? ढिलाई मागतेय कोण! हजेरी पूर्ण घ्या, परीक्षा कडक घ्या. आमचा सवाल आहे तो त्या तीन वर्षांच्या खर्चाचा. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर शिक्षणात सेवांतर्गत जागा राखल्या जातात. त्यांचा अनुभव म्हणजे पात्रता, आणि आमचा अनुभव म्हणजे ‘सेवाभाव’? ए.एन.एम. झालेल्या बाईला जी.एन.एम.साठी वयाची अट नाही. म्हणजे अनुभवापुढे वय गौण, हे तत्त्व नियमांनीच मान्य केले आहे. ते उपकेंद्राच्या दारातच का अडते?

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवले. नुसते ‘शिका’ म्हणून त्या थांबल्या नाहीत, राहण्याची सोयही उभी केली. बाईच्या शिक्षणाला जिद्दीबरोबर छप्पर आणि भाकरी लागते, हे तेव्हा कळले होते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. आशा आणि स्त्री परिचर यांच्यासाठी सरकारी नर्सिंग विद्यालयांत जागा राखा. कामाची जितकी वर्षे, तितकी वयात सवलत द्या. शिक्षणाच्या काळात मानधन चालू ठेवा आणि जागा राखून ठेवा. वसतिगृहाला पाळणाघर जोडा. प्रवेशाच्या तयारीचे वर्ग तालुक्याच्या गावी सरकारने चालवावेत.

आणि घरच्यांसाठी एक मागणी. तिच्या परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करावा. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.