कवीचं नाव कुठं गेलं?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. परवा कुणीतरी म्हणालं, "सर, तुमच्या त्या गाण्यांच्या सीड्या म्हणजे निव्वळ गतकातरता. आता फोनवर यादी आपोआप तयार होते." होते ना! त्याबद्दल माझी तक्रारच नाही. हवं ते गाणं दोन मिनिटांत सापडतं, आणि घरी राइट केलेल्या सीडीचा रंगाचा थर आमच्या अकोल्याच्या उन्हात टिकत नाही हेही मला ठाऊक आहे. सीड्या परत आणा असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे.

2005 सालचा मे महिना आठवा. बाहेर 44-45 अंश. शाळेला सुट्टी, पण पर्यवेक्षक म्हणून मला ऑफिसात बसावं लागे. दुपारी 12 नंतर दाखला मागायलासुद्धा चिटपाखरू फिरकत नसे. कूलर गरम हवा फेकतोय, माठातलं पाणी कोमट, आणि समोर शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर. घरच्या कॅसेटी मी त्यावर उतरवून घेई आणि सीडी राइट करी. घाई करून चालत नसे, वेग जास्त ठेवला की जुन्या प्लेअरवर गाणं अडखळायचं. आणि भारनियमनाच्या आत सगळं उरकायचं, कारण मधेच वीज गेली की कोरी सीडी फुकट! (कोरी म्हणजे विकतची, हे नातेवाइकांना कधी कळलं नाही. असो.)

एका सीडीत 80 मिनिटं. म्हणजे गाणी अठरा-वीस, एकविसावं गाळायचं. कुठलं गाळायचं यावर लिपिकाशी वाद घालण्यात एक अख्खी दुपार गेलेली आहे. मग 12 सेंटिमीटरच्या चौकोनी कागदावर चार रकाने आखायचे: गाणं, गायक, कवी, संगीतकार. लिपिक विचारायचा, "सर, कवी कोणाला पाहिजे?"

मला पाहिजे! 'ये रे घना' आशाबाईंचं, एवढंच सगळे सांगतात. माझा कागद वाचून एकानं विचारलं, "ह्या आरती प्रभू कोण बाई?" बाई नव्हेत हो, चिंतामण त्र्यंबक खानोलकर. 1976 साली गेले, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार 1978 साली, म्हणजे मरणोत्तर मिळाला. तो तिसरा रकाना नसता तर हा प्रश्नच निघाला नसता, आणि त्या गृहस्थानं पुढं 'नक्षत्रांचे देणे' वाचायला माझ्याकडून नेलंही नसतं.

आताच्या फोनवर काय दिसतं? गाण्याचं नाव, सिनेमाचं चित्र, गायक. कवीचं नाव असलंच तर दोन दारं उघडून आत, माळ्यावर टाकलेल्या ट्रंकेसारखं. विविधभारतीचे निवेदक गाण्याआधी गीतकार, संगीतकार सांगत. आम्ही खेड्यातली पोरं माडगूळकर, खळे, मजरूह, मदनमोहन ही नावं अशी कानांवरच शिकलो, कुणी पाठ करून घेतली नाहीत. 'गीतरामायण' 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. त्याची 56 गाणी गदिमांचं नाव न घेता कुणी ऐकवून दाखवावीत! पण आज तेच चाललंय.

कुणी म्हणेल, नावानं काय होतं? पोट भरतं. 2012 साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का झाला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. कायद्यानं वाटा मान्य केला आणि फोनच्या पडद्यानं नाव पुसलं! लाखो गाणी साठवणाऱ्या कंपन्यांना एक ओळ छापायला जागा नाही? मला 12 सेंटिमीटरच्या कागदावर पुरत होती.

आमच्या घरातल्या लग्नाची यादी आली आहे, गाणी 42, नावं फक्त गायकांची. ती कवी-संगीतकारांसह पुरी करूनच परत पाठवणार आहे. आणि हॉलमध्ये सूत्रसंचालन जो करील त्यानं ती वाचायची आहेत, आधीच सांगून ठेवतो.