निर्वासितांची भाषा

अंबरनाथ-बदलापूरकडील आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी लग्नकार्याचे कापड उल्हासनगराहून येते. त्या दुकानदारांच्या मुखी जी सिंधी भाषा आहे, तिचे दैव मोठे विलक्षण. फाळणीत बंगाल्यास व पंजाब्यास आपापल्या प्रांताचा एक भाग तरी मिळाला. सिंध मात्र समग्र पलीकडे गेला. १९४७ नंतर कल्याणनजीकच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत जे निर्वासित उतरले, त्यांजपाशी घर नव्हते, शेत नव्हते. भाषा तेवढी होती.

तिच्यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांत कीरत बाबाणी ह्यांचे नाव आम्ही आदराने घेतो. नवाबशाह जिल्ह्यातील एका खेड्यात १९२२ साली त्यांचा जन्म झाला. बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांनी त्यांस तुरुंगात घातले. फाळणीनंतरही ते सिंधमध्येच राहिले, तो पाकिस्तान सरकारनेही तोच पाहुणचार केला! अखेर मायभूमी सोडून ते मुंबईस आले, व लेखणी आणि चळवळ ही दोन्ही त्यांनी सिंधीच्या कामी लाविली.

१९५० च्या राज्यघटनेत चौदा भाषांची गणना झाली. सिंधी तीत नव्हती. तिला प्रांत नाही म्हणावे, तर संस्कृतास तरी कोठे होता? १० एप्रिल १९६७ रोजी तिला ते स्थान मिळाले. बाबाणींस २००६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. २०१५ साली ते निवर्तले.

परंतु खरा पेच लिपीचा. इंग्रजांनी १८५३ साली अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी ठरवून दिली होती. इकडे आल्यावर कित्येकांनी देवनागरीचा पुरस्कार केला. श्वास आत ओढून उच्चारावयाचे चार वर्ण सिंधीत आहेत. त्यांसाठी ग, ज, ड, ब ह्यांच्या खाली आडवी रेघ देऊन सोय झाली. सोय खरी, पण सिंधी लेखकांत त्यावरून दोन तट पडले. आमच्या मते दोहोंकडेही न्याय होता. देवनागरी मुलांस सोपी. पण शाह अब्दुल लतीफांच्या काव्याच्या जुन्या प्रती आणि आजोबांची पत्रे उजवीकडून डावीकडे लिहिलेली! नातू सिंधी बोलतो, पण ते पत्र त्यास वाचून दाखवावयास आजोबाच लागतात.

आपल्या घरी माळ्यावर पणजोबांची मोडी दप्तरे बांधून ठेविलेली असतील. ती वाचणारे घरात आज कोण आहे?