धुऱ्यावरचे भांडण आणि अर्धवट प्रश्न

काल्पनिक घटना सांगून तिला कोणता कायदा लागू होतो हे कारणांसह विचारणारा उदाहरणात्मक प्रश्न हा कायद्याच्या विद्यार्थ्याच्या बुद्धीची खरी पारख मानला जातो. परंतु प्रश्न काढणाऱ्यानेच घटना अर्धवट सांगितली, तर त्या तासाभरात पारख होते ती केवळ विद्यार्थ्याच्या अंदाजाची.

भातकुलीच्या शिवारात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद झाला. ‘अ’ व त्याच्या साथीदारांनी काठ्यांनी केलेल्या मारहाणीत ‘ब’ मरण पावला. साथीदारांची जबाबदारी समान उद्देशाच्या तत्त्वानुसार स्पष्ट करा, असा प्रश्न कल्पून पाहावा. वरवर तो निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात साथीदार किती होते हे त्यात कुठेच नाही, आणि सगळे उत्तर त्या आकड्यावर उभे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) मधील, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ३४ मधील जबाबदारीला दोन माणसेही पुरतात, मात्र त्यांची मने कृत्यापूर्वी, निदान कृत्याच्या क्षणी तरी, जुळलेली असावी लागतात. कलम १९०, म्हणजे जुने कलम १४९, लावायचे तर पाच किंवा अधिक व्यक्तींचा बेकायदेशीर जमाव आणि त्याचे सामाईक उद्दिष्ट सिद्ध व्हावे लागते. मराठी पुस्तकांतून ‘उद्देश’ आणि ‘उद्दिष्ट’ हा भेद कटाक्षाने पाळला जातोच असे नाही, त्यामुळे मराठीतून उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षकाच्या मनातले कलम कोणते, हे शब्दावरूनही कळत नाही.

घटनेची तारीख नसणे हा तर अलीकडचा, आणि अधिक अक्षम्य, दोष होय. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आणि तिच्या कलम ३५८ मधील व्यावृत्तीमुळे, म्हणजे जुन्या कायद्याखालील दायित्व राखून ठेवणाऱ्या तरतुदीमुळे, त्यापूर्वीच्या अपराधांना जुनीच संहिता लागू राहते. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे, तर नव्या संहितेतील कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. तारखेविना विचारलेल्या प्रश्नात ‘३०२’ लिहिणारा विद्यार्थी बरोबर की चूक, हे कोण ठरवणार?

व्यवसायातही पक्षकार अर्धवटच माहिती घेऊन येतो, तेव्हा ही सवय परीक्षेतच लागलेली बरी, असा युक्तिवाद काही ज्येष्ठ वकील करतात. तो टिकणारा नाही, कारण वकील पक्षकाराला ‘चार होते की पाच?’ असे विचारू शकतो आणि प्राथमिक माहिती अहवाल वाचू शकतो; परीक्षा दालनात पर्यवेक्षकाकडून ‘जसे आहे तसे लिहा’ एवढेच मिळते.

दाद मागण्याची वाटही अरुंद आहे. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या १९८३ च्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी उत्तरसूची बरोबर असल्याचे गृहीत धरले जाईल, पण ती उघडपणे चुकीची ठरल्यास तिचा भुर्दंड विद्यार्थ्यावर पडू नये, असे सांगितले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या प्रकरणात नियमांत तरतूद नसताना फेरतपासणी हा हक्क नाही असे ठरले, आणि २०१७ च्या रणविजय सिंह प्रकरणात शंकेचा फायदा परीक्षार्थीऐवजी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला देण्यात आला. शिवाय सूचीचा आधार बहुपर्यायी प्रश्नांपुरता. वर्णनात्मक उत्तराला सूचीच नसते.

म्हणूनच सारा भार प्रश्न काढणाऱ्यावर येतो, आणि वऱ्हाडात तो बहुधा याच मासिकाचा वाचक असलेला प्राध्यापक किंवा वकील असतो. हिवाळी परीक्षेची प्रश्नपत्रिका काढताना त्याने घटनेची तारीख व माणसांची संख्या लिहावी, जिथे मराठी संज्ञा दोन अर्थांची आहे तिथे शेजारी मूळ संज्ञा देवनागरीत द्यावी, आणि पाकीट लाखबंद करण्यापूर्वी तो प्रश्न स्वतः सोडवून नमुना उत्तर सोबत जोडावे.